लाल रेघ सगळ्यांना सारखी

झाशीत मराठी घरं अठराव्या शतकात नारोशंकरांच्या पाठोपाठ आली आणि नेवाळकरांच्या राज्यात रुजली. अशाच एका घरात मी वाढले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी आणि बुंदेली, आणि गेली बरीच वर्षं संगणकासमोर जावास्क्रिप्ट. सदर बाजाराजवळ आमचा छोटा गट काम करतो. शाळेच्या फीचा हिशोब, दवाखान्यातल्या भेटीच्या वेळा, औषध दुकानाची बिलं, अशी कामं असतात. गटातली मुलं बहुतेक इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतली, काही जण ग्वाल्हेरहून काम पाठवतात आणि काही प्रकल्प पुण्यातल्या मंडळींबरोबर भागीत चालतात.

जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी 1995 च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली. फार सांभाळून घेणारी भाषा आहे ती. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधते आणि न बोलता पुढे जाते. म्हणूनच तिला लिंटर लागतो. प्रोग्राम चालवण्याआधी तो ओळ न ओळ वाचणारं आणि संशय आला तिथे लाल रेघ ओढणारं हे टूल. एकट्यापुरतं कुठलंही घेतलं तरी चालतं. पण अनेक प्रकल्प, वेगवेगळ्या गावांतली माणसं आणि सगळ्यांना मिळून एकच लिंटर, असं ठरवायला बसलं की कुणी कुणाचं ऐकायचं हा प्रश्न आधी उभा राहतो. त्या ठरवाठरवीतून मला जे समजलं, ते हे.

1. चुका वेगळ्या, सवयी वेगळ्या

लिंटरसाठीची पहिली बैठक हमखास अर्धविरामावर अडते. ओळीच्या शेवटी तो द्यायचा की नाही, ओळ आत घेताना दोन जागा सोडायच्या की चार, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी. प्रत्येकाचा हात आपापल्या वळणाला बसलेला असतो आणि प्रत्येकाकडे कारणही तयार असतं. या प्रश्नांचं उत्तर कुठलंही असलं तरी चालतं, फक्त ते एकच असावं लागतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं 1962 मध्ये स्वीकारले, तेव्हा अनुच्चारित अनुस्वारांचा प्रश्न निदान छापील मजकुरापुरता मिटला आणि मुद्रितं तपासणाऱ्याला आशयाकडे बघायला उसंत मिळाली. कोडच्या मांडणीतही मला तेवढीच उसंत हवी असते.

म्हणून मांडणीचं काम लिंटरकडे देऊच नये. जेम्स लाँग यांनी 2017 च्या सुरुवातीला आणलेलं प्रिटियर फाइल सेव्ह होताच ती ठरलेल्या पद्धतीनं मांडून देतं. त्यात आपल्या मनासारखं बदलता येण्याजोगं फार थोडं आहे आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. ईएसलिंट या लिंटरनंही 2023 च्या अखेरीस मांडणीचे आपले नियम बाजूला काढले आणि ते वेगळ्या प्रकल्पाकडे गेले. लाल रेघ दिसली की दचकून बघायचं, ही सवय टिकवायची असेल तर ती रेघ स्वल्पविरामावर उधळून चालत नाही.

मात्र मांडणीसारखं दिसणारं सगळंच मांडणीत मोडत नाही. ‘रिटर्न’ लिहून एंटर मारला आणि परत द्यायची माहिती खालच्या ओळीवर लिहिली, तर जावास्क्रिप्ट ‘रिटर्न’पुढे अर्धविराम आहे असं स्वतःच धरून चालते. फंक्शन रिकाम्या हातानं परत येतं आणि खालची ओळ कधी चालतच नाही. इथे अर्थ बदलला. असं काही असेल तर ते लिंटरकडेच हवं.

2. नियम पैशांपर्यंत नेऊन दाखवा

नव्या मुलांना नियमांची यादी दिली तर ती कुणी वाचत नाही. मी त्यांना फीची पावती दाखवते.

पडद्यावर ‘बाकी रक्कम’ अशी चौकट आहे. शाळेतला बाबू तिथे आकडा भरतो. कोडमध्ये साधी अट आहे: बाकी शून्याबरोबर असेल तर पावतीवर ‘फी पूर्ण’ असा शिक्का उमटवा. तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) केलेली आहे. आता बाबूनं चौकट रिकामी सोडली. चौकटीतून जे येतं ते मजकूर म्हणून येतं, म्हणजे इथे रिकामा मजकूर आला. दोन चिन्हांची तुलना आधी दोन्ही बाजू एका जातीच्या करून घेते. त्यात रिकाम्या मजकुराचा शून्य होतो, शून्य शून्याबरोबर असतोच, आणि ज्याचा एक पैसा भरलेला नाही त्या मुलाच्या पावतीवर ‘फी पूर्ण’ येतं. कुठे लाल दिवा नाही, कुठे प्रोग्राम बंद पडला नाही. वर्षाअखेरीला हिशोब जुळेना की मग शोधाशोध.

लिंटरचा नियम सांगतो की तीन चिन्हं (===) वापरा, ती जात बदलत नाहीत. पण नुसतं तिसरं चिन्ह टाकून भागत नाही. बाबूनं खरोखर 0 टाइप केला तरी तो मजकुरातला 0 असतो, आकड्यातला 0 नव्हे. मग ‘फी पूर्ण’ कधीच उमटणार नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला थांबून ठरवावंच लागतं: रिकामी चौकट म्हणजे बाकी नाही, की माहिती अजून भरायची आहे? हा प्रश्न शाळेला विचारावा लागतो आणि उत्तर कोडमध्ये उघड लिहावं लागतं. ही दुरुस्ती ईएसलिंट बहुतेक ठिकाणी आपणहून करून देत नाही, ते मला योग्यच वाटतं. हा नियम त्याच्या शिफारस यादीतही नाही, तो मुद्दाम चालू करावा लागतो. आमच्या यादीत तो पहिला आहे.

दुसरा नियम ‘अवेट’चा. पावती साठवायचं काम सुरू केलं, पण ते पुरं होईपर्यंत थांबा असं सांगायला ‘अवेट’ लिहायचं राहिलं, आणि खालची ओळ पालकांना एसएमएस पाठवते. साठवणं फसलं तरी एसएमएस गेलेला असतो. पालकांच्या हातात निरोप आहे आणि शाळेच्या वहीत नोंद नाही. ही चूक पकडणारा नियम टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटमध्ये मिळतो. त्याला कोडमधल्या प्रत्येक मूल्याचा प्रकार माहीत करून घ्यावा लागतो, त्यामुळे तो सावकाश चालतो आणि जुन्या लॅपटॉपवर जड जातो. तरी जिथे पैसे आहेत तिथून मी तो काढू देत नाही.

3. मोठ्यांच्या ओळीखालीही तीच रेघ

सामायिक लिंटरचा खरा फायदा मला इथे दिसतो, आणि निवडीच्या चर्चेत याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आमच्याकडे खोलीत सगळ्यात लहान असलेली मुलगी सगळ्यात अनुभवी माणसाच्या कोडबद्दल सहसा बोलत नाही. ती ‘सर’ म्हणते, ‘भैया’ म्हणते, आणि जे खटकलं ते आपल्या ओळींत गुपचूप वळवून घेते. तिला दिसलेलं असतं. पण विचारणं म्हणजे उलट बोलणं, असं तिच्या मनात घरापासून बसलेलं असतं.

फीच्याच प्रकल्पात सवलतींचा एक भाग होता. कर्मचाऱ्यांच्या मुलांना एक सवलत, भावंडांना दुसरी, अशा पर्यायांची शिडी पुण्याच्या गटातल्या एका जाणत्या माणसानं लिहिली होती. एका पायरीच्या शेवटी ‘ब्रेक’ नव्हता. जावास्क्रिप्टमध्ये अशा वेळी नियंत्रण तिथे थांबत नाही, खालच्या पायरीवर घरंगळतं. म्हणजे कर्मचाऱ्याच्या मुलाला स्वतःची सवलत मिळून वर भावंडांचीही मिळणार. सामायिक लिंटर बसवल्यावर त्या ओळीखाली रेघ आली. आमच्याकडची कॉलेजातून नुकतीच आलेली मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “सर, यहाँ लिंटर रोक रहा है, ब्रेक छूट गया है या जानबूझकर है?” त्यांनी पाहिलं, म्हणाले, “छूट गया है, डाल दो.” तेवढ्यात विषय संपला. हेच वाक्य लिंटरचा आधार नसता तर तिनं उच्चारलं नसतं, हे मी तिला ओळखून आहे म्हणून खात्रीनं सांगते.

म्हणून निवड करताना मी पहिली अट ही ठेवते की टूलमध्ये कुणालाही वेगळी वाट नको. नियम तात्पुरता बंद करायचा असेल तर त्या ओळीवर तशी टिप्पणी लिहावी लागते, आणि ईएसलिंटमध्ये 2020 पासून त्या टिप्पणीत दोन आडव्या रेघा देऊन कारण लिहिता येतं. कारण लिहिल्याशिवाय नियम बंदच करता येऊ नये, असं बजावणारं प्लगइनही आहे. आम्ही ते लावलंय. ‘घाई आहे’ हे कारण चालत नाही. ‘बाहेरच्या सेवेकडून हे नाव असंच येतं’ हे चालतं. नियम बदलायचा असेल तर गटातला कुणीही सुचवू शकतो, अनुभव किती ते विचारत नाही, फक्त सोबत आपल्याच प्रकल्पातला कोडचा तुकडा आणावा लागतो. ‘मला आवडत नाही’ एवढ्यावर नियम जात नाही आणि ‘मोठ्या कंपन्या वापरतात’ एवढ्यावर येतही नाही.

4. टूल बदलणार हे धरूनच चाला

या क्षेत्राचा इतिहास नव्या मुलांना एकदा सांगावाच. डग्लस क्रॉकफर्ड यांचं जेएसलिंट 2002 मध्ये आलं. त्यात मतं त्यांची होती आणि ती ठाम होती, पटली नाहीत तर फारशी सूट नव्हती. 2011 मध्ये अँटोन कोवाल्योव्ह यांनी त्याच कोडवरून जेएसहिंट वेगळं काढलं, का तर नियम चालू-बंद करायची मोकळीक हवी होती. 2013 मध्ये निकोलस झाकस यांनी ईएसलिंट सुरू केलं. तिथे प्रत्येक नियम सुटा आहे आणि आपला नियम आपण लिहून जोडू शकतो. मांडणी तपासणारं जेएससीएस 2016 मध्ये ईएसलिंटमध्ये मिसळून गेलं. पॅलंटिर कंपनीच्या टीएसलिंटवर टाइपस्क्रिप्टवाल्यांचा भार होता, ते आवरतं घेऊन ईएसलिंटकडे वळायचं 2019 मध्ये जाहीर झालं. 2020 मध्ये रोम आलं, एकाच टूलमध्ये सगळं देण्याचं स्वप्न घेऊन. त्यामागची कंपनी टिकली नाही, पण काम सांभाळणाऱ्यांनी 2023 मध्ये ते बायोम या नावानं पुढे नेलं.

पंचवीस वर्षांच्या आत इतकी उलथापालथ. ज्यानं एखाद्या टूलवर प्रकल्प बांधून टाकला, त्याला दर काही वर्षांनी सामान हलवावं लागलं. म्हणून निवडताना मी ‘यात काय काय आहे?’ याच्या आधी ‘हे सोडायचं झालं तर किती दुखेल?’ हे विचारते.

दुखणं कमी करायचा एक उपाय आम्हाला लागू पडला. आपले म्हणून जे नियम आहेत त्यांची यादी छोटी ठेवायची आणि टूलच्या भाषेत लिहिण्याआधी ती साध्या हिंदीत एका फाइलमध्ये लिहायची: नियम काय, कशासाठी, कुठल्या प्रसंगातून आला. एप्रिल 2024 मध्ये ईएसलिंटची नववी आवृत्ती आली, नियम मांडायच्या फाइलची पद्धतच बदलली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठव्या आवृत्तीचा आधार संपला. ज्यांनी एकावर एक उसन्या याद्या चढवल्या होत्या ते प्लगइनं नव्या पद्धतीला येईपर्यंत ताटकळले. आमची यादी साध्या भाषेत लिहिलेली असल्यानं ती नव्या फाइलमध्ये उतरवणं म्हणजे नक्कल करण्यासारखं काम होतं.

एअरबीएनबी कंपनीची नियमयादी खूप प्रसिद्ध आहे, अनेक जण ती आंधळेपणानं घेतात. त्यामागचा विचार कष्टाचा आहे, वाचण्यासारखा आहे. पण ती त्यांच्या गरजेतून आली. टूलची शिफारस यादी आणि तिच्यावर आपले मोजके नियम, यापेक्षा जास्त घेऊन सुरुवात करू नये असं माझं मत आहे.

5. नियम एकाच ठिकाणी ठेवा

प्रत्येक प्रकल्पात नियमांची फाइल चिकटवली की महिन्याभरात प्रत्येक फाइल वेगळी होते. आम्ही नियमांचं एक छोटं पॅकेज केलंय, प्रकल्प फक्त त्याच्याकडे बोट दाखवतात. नवा नियम आला की पॅकेजचा मुख्य आवृत्ती क्रमांक वाढतो, कारण नव्या नियमामुळे काल हिरवा असलेला प्रकल्प आज लाल होऊ शकतो. कुठल्या प्रकल्पानं नवी आवृत्ती कधी घ्यायची हे तो प्रकल्प सांभाळणारा ठरवतो. याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

6. विंडोज आणि लिनक्स यांची गाठ आधी सोडवा

झाशीतल्या मुलांकडे बहुतेक विंडोजचे लॅपटॉप असतात, बरेचसे घरात भावाबहिणीत मिळून वापरलेले. सर्व्हर मात्र लिनक्सवर. आमच्याकडे रुजू झालेल्या एका मुलीनं पहिल्याच कामात एक ओळ बदलली आणि घाबरून माझ्याकडे आली: “मैम, पूरी फ़ाइल लाल है, मैंने तो एक ही लाइन बदली थी.” तिची काहीच चूक नव्हती. विंडोज ओळीच्या शेवटी दोन न दिसणारी चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. प्रिटियरनं 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून लिनक्सची पद्धत मूळ धरली आहे, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटनं तिच्या लॅपटॉपवर फाइल उतरवताना विंडोजची पद्धत लावली होती. पडद्यावर सगळं तसंच दिसतं आणि टूल प्रत्येक ओळीला नाकारतं. नव्या माणसाचा टूलवरचा विश्वास इथेच उडतो. रिपॉझिटरीमध्येच गिटला ‘सगळीकडे लिनक्सची पद्धत’ असं सांगणारी फाइल ठेवली की हा त्रास संपतो. लिंटर बसवण्याच्या आदल्या दिवशी हे करावं.

फाइलच्या नावातल्या लहानमोठ्या अक्षरांचंही तसंच. रोमन अक्षर लहान की मोठं यावर विंडोज अडून बसत नाही, लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. लॅपटॉपवर चालणारा प्रकल्प सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून कोसळतो. इम्पोर्ट तपासणारं ईएसलिंटचं प्लगइन हे विंडोजवरच दाखवून देतं. ज्या गटात दोन्ही प्रकारचे संगणक आहेत, त्यानं ते घ्यावंच.

7. मे महिन्यात कमिट करून बघा

टूलचा वेग मोजायचा तर मोठ्या शहरातल्या वातानुकूलित खोलीत, नव्याकोऱ्या मशीनवर मोजू नये. बुंदेलखंडात मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, वीज जाते, लॅपटॉप तापतो आणि बॅटरी वाचवायला स्वतःहून मंदावतो. अशा दुपारी कमिट करताना, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना, लिंटर पूर्ण प्रकल्प वाचत बसला तर काय होतं? मुलं तपासणी टाळून कमिट करायची युक्ती शिकतात, गिटमध्ये तशी सोय आहेच. एकदा ती सवय लागली की कितीही चांगले नियम असोत, उपयोग शून्य.

म्हणून तीन ठिकाणी तीन वेगळी कामं द्यावीत. एडिटरमध्ये लिहिता लिहिता रेघ दिसावी, ती शिकण्यासाठी. कमिटच्या वेळी फक्त बदललेल्या फाइली तपासाव्यात; हस्की आणि लिंट-स्टेज्ड ही जोडी ते करते. पूर्ण तपासणी, त्या जड ‘अवेट’च्या नियमासकट, सर्व्हरवर कोड एकत्र करताना व्हावी. अंतिम शब्द तिचा. तिथे हिरवं झाल्याशिवाय कुणाचंच कोड आत जात नाही, माझंही नाही.

वेगाच्या बाबतीत रस्ट भाषेत लिहिलेली नवी टूलं खरोखर पुढे आहेत. बायोम मांडणी आणि तपासणी दोन्ही एकाच आज्ञेत करतं. ऑक्सलिंटची पहिली पक्की आवृत्ती जून 2025 मध्ये आली. कोऱ्या पाटीवर, छोट्या गटानं, साधे लॅपटॉप घेऊन सुरुवात करायची असेल तर मी बायोम सुचवते: एक टूल, एक फाइल, उतरवायला हलकं, आणि कमी वेगाच्या नेटवर त्याचं मोल कळतं. जिथे जुने प्रकल्प आहेत आणि स्वतःचे नियम लिहायची गरज आहे तिथे ईएसलिंट आणि प्रिटियरची जोडी. आमच्याकडे ही जोडी आहे, तिचं एक कारण शेवटी येईल.

8. पिवळे इशारे ठेवू नका

जुन्या प्रकल्पावर लिंटर पहिल्यांदा चालवला की हजारो ठिकाणी बोट दाखवतो. मग कुणीतरी सुचवतं, तूर्त सगळे नियम इशारा म्हणून ठेवू, लाल नको, पिवळे असू देत. तसं करू नये. पिवळ्याची नजरेला सवय होते आणि त्यात एखादा नवा, खरा धोका मिसळला तर तो दिसत नाही. नियम एक तर लाल असावा, नाही तर बंद.

जुन्या चुकांची वेगळी यादी करून ठेवायची आणि नव्या ओळीला मात्र सूट द्यायची नाही, ही सोय ईएसलिंटमध्ये एप्रिल 2025 पासून आली आहे. जुन्या फाइलला हात लागला की त्यातल्या चुका काढायच्या, यादी हळूहळू आटते. मांडणी बदलायची असेल तर ती एका स्वतंत्र कमिटमध्ये, दुसरं काहीही न मिसळता करावी आणि ती कमिट वगळायच्या यादीत टाकावी. गिटमध्ये ही सोय 2019 पासून आहे. नाही तर पुढे ‘ही ओळ कुणी लिहिली?’ असं विचारलं की दरवेळी मांडणी करणाऱ्याचंच नाव येतं.

9. लिंटर प्रत्येकाच्या घरात शिरतो

लिंटर सगळ्यांच्या मशीनवर चालतो, तोही पूर्ण अधिकारानं. जुलै 2018 मध्ये ईएसलिंटच्याच एका पॅकेजची बाधित आवृत्ती चोरलेल्या खात्यावरून प्रसिद्ध झाली आणि ती उतरवणाऱ्यांच्या एनपीएमच्या किल्ल्या पळवू पाहत होती. जुलै 2025 मध्ये प्रिटियर आणि ईएसलिंट यांचा मेळ घालणारं, जवळपास सगळ्यांकडे असणारं पॅकेज असंच सापडलं. सांभाळणाऱ्याला खोट्या ईमेलनं फसवलं गेलं होतं, आणि त्यातला घातक भाग विंडोजवर चालणारा होता. आमच्यासारख्या विंडोजवाल्या गटाला हे थेट लागू पडतं.

तेव्हा सामायिक टूल निवडताना त्याच्यासोबत किती पॅकेजं येतात तेही बघावं. कमी तितकी बरी. आवृत्त्या लॉक फाइलमध्ये पक्क्या कराव्यात, सर्व्हरवर त्या फाइलप्रमाणेच उतरवाव्यात आणि नवी आवृत्ती आली त्या दिवशी घेऊ नये. थोडे दिवस जाऊ द्यावेत, बाधा असेल तर तेवढ्यात बाहेर येते.

10. आपल्या लिपीचं आपल्यालाच बघावं लागतं

आमच्या फॉर्ममध्ये नावं देवनागरीत भरतात. नाव तपासायला कोडमध्ये एक साचा लिहिलेला असतो: ही ही अक्षरं चालतील. इथे लिंटर एक मोलाची मदत करतो. कुणी साच्यातल्या चौकटी कंसात ‘की’ असं एक अक्षर समजून लिहिलं, तर संगणकाला ती दोन चिन्हं दिसतात, ‘क’ आणि सुटी दीर्घ वेलांटी. साचा दोन्ही वेगवेगळी मान्य करतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं एकच मान्य केलं. ईएसलिंटच्या शिफारस यादीत यावर बोट ठेवणारा नियम आहे. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार असलेल्या सगळ्या लिपींना तो उपयोगी पडतो. तसंच कोडमध्ये कुठून तरी चिकटवलेल्या मजकुरासोबत आलेली न दिसणारी, वेगळ्या जातीची रिकामी जागा दुसरा एक नियम पकडतो. मूळ सेटिंगमध्ये मजकुराच्या अवतरणचिन्हांच्या आत तो बघत नाही, आम्ही तिथेही बघायला सांगितलंय.

पण एक गोष्ट कुठलंच टूल आपणहून सांगत नाही. हिंदीत विचार करून लिहिणारा मुलगा साच्यात ‘अ ते ह’ असा पट्टा देतो, शिवाय मात्रा जोडतो, आणि त्याला सगळी लिपी आल्यासारखं वाटतं. ‘ळ’ त्यात येतो, ‘ऑ’ येतो. ‘ॲ’ येत नाही. युनिकोडनं देवनागरीला 128 जागांचा पट्टा दिला आहे, आणि मराठीचा ‘ॲ’ त्यात ‘ह’च्या बऱ्याच पुढे, वेगळा बसलेला आहे. झाशीतल्या एखाद्या मराठी घरातल्या वकिलांनी नावाआधी ‘ॲड.’ लिहिलं की फॉर्म म्हणतो, नाव चुकीचं आहे. आपलंच नाव चुकीचं ठरवलं जाणं मला सहन होत नाही, इथे मराठी माणसं थोडी आहेत म्हणून तर अजिबातच नाही.

ईएसलिंटवर आम्ही थांबलो त्याचं कारण हे. त्यात आपला नियम आपण लिहू शकतो. ब्रेकबद्दल विचारणाऱ्या त्याच मुलीनं तो लिहिला. साच्यात ‘अ ते ह’ असा पट्टा आढळला की रेघ येते, आणि खाली हिंदीत सूचना येते की देवनागरीचा पूर्ण पट्टा घ्या, मराठी और नेपाली के अक्षर छूट रहे हैं. नेपाळीचं तिनं आपणहून घातलं. मी विचारलं तर म्हणाली, लिपी तर त्यांचीही हीच आहे, पुढे कुणाचं काय सुटेल ते आज कसं सांगायचं. सामायिक पॅकेजच्या पुढच्या आवृत्तीत तो नियम लाल म्हणून गेला, आणि पुण्याच्या गटानं त्यांच्या दोन प्रकल्पांत तो उतरवून घेतला.